जानेवारीतली पाणपक्षी मोजणी

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. वर्षानुवर्षं साचलेल्या गाळामुळे तिथं पाणथळ तयार झाली. रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेली महाराष्ट्रातली ती पहिली जागा. 2020च्या जानेवारीत हे जाहीर झालं.

आशियाई पाणपक्षी गणनाही जानेवारीतच असते. पक्षिमित्र मंडळी भल्या पहाटे, कुडकुडत काठावर हजर होतात. हजारोंचा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत ठसवायची आणि थव्यात असे किती तुकडे बसतात ते पाहायचं. थापट्या, तलवार बदक, वारकरी, प्रत्येकाची नोंद वेगळी. तेवढ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालू लागतो, सगळा थवा उठतो, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून! नवख्यांनी हिरमुसू नये. उडताना पंख उघडतात, तेव्हाच नर थापट्याचा फिकट निळा पट्टा स्पष्ट दिसतो. मला तर तो क्षण मोजणीइतकाच मोलाचा वाटतो.

तुमच्या गावच्या तळ्यावरही अशी मोजणी करता येईल. दुर्बीण एकमेकांत वाटून घ्या. वही-पेन्सिल मात्र प्रत्येकाची स्वतःची हवी. आणि कपडे मातकट रंगाचे घाला.