न मोजलेल्या श्रमाचे दाम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



भंडारा जिल्ह्यातील विडी कामगाराला मजुरी मिळते ती दर हजार विड्यांमागे. या धंद्यातील शोषणाचे मूळ या एका वाक्यात आहे. मजुरी विडीची असते, वेळेची नसते. म्हणून ज्या वेळात विडी वळली जात नाही, तो वेळ मालकाच्या वहीत नोंदलाच जात नाही. तेंदूपत्ता आणणे, निवडणे, भिजविणे, कात्रीने कापणे, वळलेल्या विड्यांचे कट्टे बांधणे, ते सट्टेदाराकडे पोचविणे आणि तपासणी होईपर्यंत तेथे तिष्ठत राहणे, यांपैकी एकही काम वगळून विडी बाजारात जाऊ शकत नाही. हे काम बहुतांशी स्त्रिया घरी करतात. त्यामुळे चुलीजवळच्या कामात ते मिसळून जाते आणि त्याला श्रम म्हणण्याचीही कोणाला गरज वाटत नाही.

दुसरी लूट छाटीची. तपासणीत नापसंत ठरलेली विडी कामगाराला परत मिळत नाही आणि तिचे दामही मिळत नाहीत, ही या धंद्यातील फार जुनी तक्रार आहे. पत्ता वाईट अथवा कमी दिला गेला, तर तूट कामगाराने पदरचे पैसे घालून भरून काढायची, हीही तशीच जुनी रीत.

उदाहरणादाखल साधा हिशेब मांडावा. एखादी स्त्री रोज एक तास केवळ पत्त्याच्या तयारीत घालवीत असेल, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत पंचवीस तास, म्हणजे आठ तासांचे तीन दिवस, तिने फुकट दिले. हजारामागे पन्नास विड्या छाटीत गेल्या आणि ती रोज हजार विड्या वळीत असली, तर महिन्याला साडेबाराशे विड्यांची मजुरी बुडाली. तीन वर्षांत एकट्या पत्त्याच्या तयारीचे शंभराहून अधिक दिवस होतात. यालाच वेतनाची चोरी म्हणतात.

मालकवर्गाचा युक्तिवाद ठरलेला आहे : कामगार मनास येईल तेव्हा काम करतो, त्याच्यावर आमचे नियंत्रण नाही, म्हणून तो आमचा कामगारच नाही. या युक्तिवादाला पहिला मोठा धक्का विदर्भातूनच बसला. नागपूरच्या एका विडी कारखान्यातील कामगारांनी रजेच्या दिवसांचे वेतन मिळावे म्हणून वेतन प्रदान कायद्याखाली अर्ज केले. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर १९६० मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, कामाच्या वेळेवर कारखान्याचे बंधन आणि निकृष्ट विडी नाकारण्याचा अधिकार एवढे नियंत्रण पुरेसे आहे. हे कामगारच होत. पुढच्याच वर्षी सिन्नरच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बहुमताने उलट कौल दिला, हेही विसरता कामा नये. न्यायालयात मिळालेले संघटनेच्या बळावाचून टिकत नाही.

ही अनिश्चितता दूर करण्यास १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आला. घरी विडी वळणारा कामगार त्याच्या कक्षेत आला, आणि कच्च्या मालाचा पुरवठा व छाट यांविषयीच्या तंट्यांच्या निवाड्याची तरतूद झाली. मालकांनी त्यालाही आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९८५ मध्ये, भविष्यनिर्वाह निधीच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने घरी विडी वळणाऱ्यांनाही कारखान्याचे कर्मचारी मानले. नाकारण्याचा अधिकार हेच नियंत्रण, हे सूत्र पुन्हा मान्य झाले. ज्या छाटीने कामगाराला लुटले, तीच छाट मालकाविरुद्ध पुरावा ठरली.

हा प्रश्न विडीपुरता नाही. विडी वळणाऱ्या आईची शिकलेली मुले आज नागपूर-पुण्याच्या कॉल सेंटरांत काम शोधतात. तेथे संगणक चालू करून पहिला कॉल घेण्यास सज्ज होईपर्यंतचा वेळ हजेरीत धरला जातो काय, हाच प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतील एका कॉल सेंटरच्या कामगारांनी तो न्यायालयात नेला. २०२२ मध्ये तेथील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने म्हटले की, संगणकावाचून काम अशक्य असल्यामुळे तो सुरू करणे हा कामाचाच अविभाज्य भाग होय. पत्ता भिजविल्यावाचून विडी वळता येत नाही. तर्क अगदी एकच आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९६६ चा कायदा रद्द झाला. या संहितांना समाजवाद्यांचा विरोध आहे आणि तो राहिला पाहिजे. परंतु प्रतिपक्षाच्या हाती राहिलेले हत्यार आपल्या उपयोगाचे असेल, तर ते उचलण्यात संकोच नको. वेतनसंहितेनुसार थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहाच महिने मिळत. देणे चुकते केल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. येणे रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविता येते. आणि मुख्य म्हणजे नोंदणीकृत कामगार संघटना आपल्या अनेक सभासदांच्या वतीने एकच अर्ज करू शकते.

या शेवटच्या तरतुदीचे मोल गावात राहणाऱ्याला कळेल. एकट्या स्त्रीने तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी तिचा पत्ता बंद होतो. पन्नास जणींची तक्रार एका अर्जात गेली, तर सट्टेदाराला पन्नास घरांचा पत्ता बंद करणे परवडत नाही.

मालक म्हणेल, हजारी दरात ही सारी कामे धरलेली आहेत. उत्तर सरळ आहे : मग त्या दराने मिळालेल्या मजुरीला एकूण लागलेल्या तासांनी भागून पाहा. दिवसाची मजुरी किमान वेतनाइतकी भरत नसेल, तर एक तर तास मोजा, नाही तर दर वाढवा.

म्हणून तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत प्रत्येक विडी गावात कामगारांची स्वतःची वही हवी. तारीख, मिळालेला पत्ता व तंबाखू, पदरचा खर्च, दिलेल्या विड्या, छाट आणि लागलेला वेळ, एवढे रकाने पुरेत. अक्षरओळख नसलेल्या बाईची नोंद शाळेत जाणाऱ्या मुलीने करावी. संघटनेच्या कार्यकर्त्याने दर आठवड्याला ती तपासावी.

याच भंडाऱ्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांना लोकसभेवर पाठविले होते. त्या वारशाचा उल्लेख सभांतून नेहमी होतो. तो खरा करावयाचा असेल, तर येत्या तेंदू हंगामापूर्वी वह्या घरोघरी पोचल्या पाहिजेत आणि पहिला सामुदायिक अर्ज दाखल झाला पाहिजे.