पेन्झान्सचा ज्युबिली पूल

सुवर्णमहोत्सवी वर्षात एका रौप्यमहोत्सवी वास्तूचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. पंचम जॉर्ज यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळील पेन्झान्स गावी १९३५ साली हा सार्वजनिक जलतरण तलाव खुला झाला. आराखडा नगर-अभियंता कॅप्टन लॅथम यांचा. सागरतटीच्या खडकांवर नेहमीचा आयताकृती हौद न बांधता त्यांनी त्रिकोणी आकार योजिला. भिंतींना वळण दिल्याने लाट समोरासमोर आदळत नाही, तिचा जोर विभागला जातो. पांढऱ्या भिंती, समुद्राचे पाणी आणि वर उघडे आकाश. नक्षीकाम जवळजवळ नाहीच. सौंदर्य येथे उपयुक्ततेतूनच उमलले आहे.

तथापि दर्या तो दर्याच! फेब्रुवारी २०१४ च्या वादळाने तलावाची मोठी हानी केली. २०१६ मध्ये तो पुन्हा खुला झाला. त्याआधीचे संकट मात्र माणसांच्या उपेक्षेचे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तलाव मोडकळीस आला, तेव्हा निवृत्त वास्तुविशारद जॉन क्लार्क आणि नागरिक पुढे सरसावले. १९९३ मध्ये वास्तूस संरक्षित दर्जा लाभला. पुढे गावकऱ्यांनीच भाग-भांडवल उभारून संस्था स्थापिली. २०२० मध्ये एका कप्प्यातील पाणी भूगर्भातील उष्णतेने ऊन होऊ लागले, आणि कडक थंडीतही पोहणारे तेथे उतरू लागले.