वीज मंडळाचे कर्ज आणि आपले लाइट बिल
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत बडोद्याच्या निवृत्त वीज कर्मचाऱ्यांच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा श्रीमंत सयाजीराव महाराज हे विषय होतात. यंदा कार्यकारिणीने आम्हा वीज मंडळातल्या निवृत्तांना बोलायला उभे केले आहे. विषय रुक्ष आहे, पण बाप्पापुढची रोषणाई त्याच तारेवर चालते, तेव्हा थोडे सोसून घ्यावे.

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांतून कुणी रेल्वेत, कुणी विद्यापीठात, तर कुणी वीज मंडळात, असे पूर्वी हमखास असायचे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली तशी वीज मंडळेही दोन झाली आणि गुजरातच्या मंडळाचे मुख्यालय आपल्या गावी आले. आमच्यापैकी काहींनी उपकेंद्रांवर रात्रपाळ्या केल्या, काहींनी विद्युत भवनात हिशेब लिहिले. आज बोलायचे आहे ते हिशेबाविषयी. विजेचे तंत्र आपल्या देशाला केव्हाच जमले. जमत नाही ते पैशाचे.

१९४८ च्या कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे स्थापन झाली. गावोगाव तारा नेणे हे त्यांचे काम आणि ते त्यांनी केले. कारखान्याला महाग, घराला स्वस्त, शेतीला नाममात्र दर, अशी दरांची रचना होती. सुरुवातीला ती पेललीही, कारण पंप थोडे होते. पुढे पंप वाढले आणि मीटर वाचणे जिकिरीचे म्हणून अनेक राज्यांनी पंपाच्या अश्वशक्तीवर ठोक आकार लावला. गुजरातेतही १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेच झाले. खरी मेख इथे आहे. मीटर नाही म्हणजे शेतीने किती वीज वापरली हे कुणालाच ठाऊक नाही. मग ताळेबंदात तो आकडा अंदाजाने भरायचा. तारेवर लंगर टाकून चोरलेली, जुन्या वाहिन्यांत जळालेली, बिलच न झालेली वीज, सगळी शेतकऱ्याच्या नावावर खपवता येते. देशभरातल्या मंडळांत गळती कागदावर कमी दिसे आणि शेतीचा वापर फुगलेला. शेतकरी फुकट वीज खातो, ही शहरी तक्रार आपणही ओट्यावर बसून केली असेल. त्यातला निम्मा दोष त्या अंदाजाच्या आकड्याचा आहे, असे आमचे मत आहे.

१९९१ नंतर तूट भागवायला खाजगी वीजनिर्मितीला दार उघडले. पण येणाऱ्याला भीती एकच: तोट्यातले मंडळ आपले पैसे देईल का? म्हणून करारात हमी आली. वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार द्यायचा. दाभोळचे सर्वांना आठवते. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, नाफ्था महागला, रुपया घसरला, वीज न परवडणारी झाली आणि २००१ मध्ये महाराष्ट्राच्या मंडळाने खरेदी थांबवली. त्याच वर्षअखेर एन्रॉन दिवाळखोरीत गेली. गुजरातेतही पगुथण, हजिरा इथल्या खाजगी केंद्रांशी करार होते. गाजावाजा कमी झाला एवढेच, स्थिर आकाराचे ओझे इथेही होते.

ओरिसाने वेगळी वाट धरली. जागतिक बँकेच्या सल्ल्याने १९९६ मध्ये मंडळ फोडले आणि १९९९ मध्ये वितरण खाजगी कंपन्यांना विकले. त्याच वर्षी चक्रीवादळाने खांब आडवे केले आणि एक अमेरिकन कंपनी दोन वर्षांत निघून गेली. मालक बदलला तरी मीटर नसलेल्या घराला मीटर बसत नाही, हे तिथे दिसले.

त्या सुमारास सगळ्या मंडळांची केंद्रीय वीज कंपन्यांकडची थकबाकी सुमारे ४१,००० कोटींवर गेली होती. ती रोख्यांत रूपांतरित करून एकदाची मिटवली. मग २००३ चा वीज कायदा आला. त्यातले कलम ६५ कुणी फारसे वाचत नाही, पण आमच्या मते सगळ्या कायद्यातले तेच कामाचे. सरकारला एखाद्या वर्गाला वीज स्वस्त द्यायची असेल तर खुशाल द्यावी. फक्त फरकाची रक्कम आगाऊ भरावी. म्हणजे दानशूरपणा दाखवायचा एकाने आणि उधारी दुसऱ्याच्या वहीत, हे बंद. कायद्यात तरी.

गुजरात मंडळाचा वार्षिक तोटा तेव्हा २,००० कोटींच्या पुढे होता. मंजुळा सुब्रमण्यम अध्यक्षपदी असताना जे झाले त्यात दिखाऊ काही नव्हते. महागडी कर्जे फेडून कमी व्याजाची घेतली, खाजगी केंद्रांशी करारांच्या अटी पुन्हा बोलून घेतल्या, वीजचोरीसाठी वेगळी पोलीस ठाणी काढली. १ एप्रिल २००५ पासून मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. निर्मिती, पारेषण, चार वितरण आणि वर एक धारक कंपनी. विकली एकही नाही. पाटी बदलली त्या दिवशी विद्युत भवनात अनेकांना पेन्शनची धास्ती होती, हे इथे बसलेल्यांतल्या काहींना आठवत असेल. नव्या कंपन्या पहिल्या वर्षापासून नफ्यात आल्या, नफा थोडका असला तरी.

आणि त्याच काळात ज्योतिग्राम. २००३ ते २००६ या तीन वर्षांत सुमारे १८,००० गावांत शेतीची आणि गावाची वाहिनी वेगळी केली. पूर्वी एकाच तारेवर दोन्ही असल्याने पंप बंद ठेवायचे तर गावाचा एक फेज तेवढा चालू ठेवत, आणि शेतकरी 'टोटा' नावाचा कपॅसिटर लावून त्यावरही पंप चालवत. त्यात मोटारी जळत आणि पिठाची गिरणी बंद पडे. वाहिन्या वेगळ्या झाल्यावर गावाला चोवीस तास तीन फेज मिळाली आणि शेतीला आठ तास, पण पूर्ण दाबाची आणि वेळापत्रकाने. शिवाय शेतीच्या वाहिनीवर मीटर बसल्याने किती वीज शेतात जाते हे पहिल्यांदा मोजता आले. अंदाजाचा आकडा तिथे संपला.

याचेही काहींना सोसावे लागले. ज्याच्याकडे विहीर नाही, जो शेजाऱ्याच्या पंपाचे पाणी विकत घेई, त्या छोट्या शेतकऱ्याचे पाणी तुटले किंवा महागले. आणंदच्या पाणी-संशोधकांनी २००८ मध्येच हे लिहून ठेवले आहे. आठ तासांची पाळी रात्री आली की साप-विंचवाच्या भीतीत बांधावर जावे लागे; दिवसा वीज देण्याची योजना २०२० मध्ये आली. गौरवाच्या भाषणांत हे येत नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

देशाचे बाकी चित्र फारसे बदलले नाही. २००१ नंतर २०१२ मध्ये पुन्हा कर्जफेररचना, २०१५ मध्ये 'उदय', तेव्हा वितरण कंपन्यांचे कर्ज ४.३ लाख कोटी, त्यातले पाऊण राज्यांनी अंगावर घ्यायचे. गुजरातला कर्ज हलवायची गरज पडली नाही, कामगिरी सुधारण्यापुरते ते सामील झाले. २०२१ मध्ये आणखी एक योजना, ३ लाख कोटींहून मोठी. हे पैसे येतात कुठून? तुम्ही-आम्ही जुने घर विकतो तेव्हा कर वाचवण्यासाठी आरईसीचे रोखे घेतो ना, तिथून. आरईसी आणि पीएफसी वीज कंपन्यांना कर्ज देतात. म्हणजे बिल भरणारे आपण, कर भरणारे आपण आणि सावकारही आपणच. एका राज्यात सवलतीचे पैसे सरकारने वेळेवर भरले नाहीत तर कंपनी खेळत्या भांडवलासाठी कर्ज काढते, आणि त्या व्याजाचा बोजा पुढे कुणाच्या तरी बिलात किंवा करात उतरतो.

आता २०२४ च्या मे महिन्यात आपल्या शहरात स्मार्ट मीटरवरून जे झाले त्याविषयी. आधी पैसे भरा मग वीज, हे लोकांना पटले नाही, मीटर पळतो अशी ओरड झाली आणि काम थांबवावे लागले. आम्हाला विचाराल तर यंत्र वाईट नाही. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर किती गेले आणि किती वसूल झाले हे त्याशिवाय कळणार नाही. पण चाळीस वर्षे महिन्या-दोन महिन्यांनी बिल हातात मिळालेल्या गृहिणीच्या मोबाइलवर एकदम 'शिल्लक संपली' असा संदेश पाठवणे, हे ज्याने ठरवले त्याने कधी बिलाच्या खिडकीवर बसून काम केलेले नसणार. जुना मीटर शेजारी ठेवून दोन्हींचे आकडे लोकांना दाखवायचे, हे आधीच करायला हवे होते.

तेव्हा एवढे करा. घरी गेल्यावर बिल उलटून पाहा. स्थिर आकार म्हणजे तारा, खांब आणि करार यांचा खर्च. इंधन अधिभार कोळसा-गॅसच्या भावाप्रमाणे हलतो, वाद असेल तर तिथे विचारा. वीज शुल्क सरकारच्या तिजोरीत जाते, कंपनीच्या नाही. दरवाढीच्या अर्जावर नियामक आयोग हरकती मागवतो आणि सुनावणी घेतो. तिथे कारखानदारांचे वकील असतात, घरगुती ग्राहक क्वचित. पुढच्या सुनावणीला मंडळाच्या नावाने हरकत द्यायची असेल तर मसुदा आम्ही लिहून देऊ. आज कुणी बिल बरोबर आणले असेल तर आरती झाल्यावर मागच्या खोलीत बसू, चष्मा मात्र आणा, अक्षरे बारीक असतात.