पडदा कोरा राहतो तेव्हा

(नारायण पेठ, पुणे येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण ज्या पेठेत जमलो आहो, ती छापखान्यांची व वृत्तपत्रांची पेठ म्हणून सर्वांस परिचित आहे. 1881 साली सुरू झालेल्या ‘केसरी’चा वाडा ह्याच पेठेत आहे. कागदावर अक्षर स्वच्छ उमटावे म्हणून खिळे जुळविणाऱ्या कित्येकांनी येथे आपले आयुष्य वेचले. माझा आजचा विषय त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की, आपले अक्षर कागदावर नव्हे, तर वर्गाच्या भिंतीवरील पडद्यावर उमटावयाचे आहे. आणि ते उमटत नाही तेव्हा काय करावे, ह्याचा विचार आपणांस करावयाचा आहे.

आरंभी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेस भेट दिली. ग्रामस्थांनी लोकवर्गणी जमवून शाळेस प्रोजेक्टर घेऊन दिला होता. मुख्याध्यापकांनी मोठ्या हौसेने तो मांडला, लॅपटॉपला जोडला व बटण दाबले. पडद्यावर निळा उजेड पडला आणि त्यात ‘नो सिग्नल’ असे दोन शब्द दिसू लागले. केबल हलवून पाहिली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले; परंतु ते दोन शब्द काही हटेनात. मला पुढच्या शाळेस जावयाचे होते. मी शेरेपुस्तकात लिहिले, ‘प्रोजेक्टर नादुरुस्त आहे. दुरुस्ती अथवा निर्लेखनाची कार्यवाही करावी.’ माझ्या त्या शेऱ्यामुळे यंत्र कपाटात गेले व दोन वर्षे तेथेच राहिले. पुढे बदलीने आलेल्या एका शिक्षिकेने ते बाहेर काढले, धूळ पुसली आणि त्याच्या अंगावरील ‘सोर्स’ नावाचे बटण दाबले. त्याच क्षणी चित्र पडद्यावर आले. केबल एचडीएमआयच्या खाचेत होती आणि यंत्र मात्र व्हीजीएच्या खाचेकडे कान लावून बसले होते. बिघाड यंत्रात नव्हता. तो माझ्या शेऱ्यात होता. त्या दोन वर्षांत चौथी उत्तीर्ण होऊन जी मुले दुसऱ्या गावच्या शाळेत गेली, त्यांना ज्वालामुखी कसा उसळतो आणि समुद्राची भरती कशी येते हे पडद्यावर पाहता आले नाही. ते नुकसान कोणत्याही निर्लेखनात दाखविता येत नाही.

ह्या प्रसंगावरून मी एक गोष्ट शिकलो. ‘नो सिग्नल’ हे शब्द यंत्राच्या आजाराचे लक्षण नव्हेत. ते त्याच्या आरोग्याचे प्रमाणपत्र आहे. ते दिसतात ह्याचाच अर्थ असा की, यंत्रास वीज मिळते आहे, त्याचा दिवा पेटला आहे, त्याचे भिंग ठीक आहे. यंत्र आपणांस एवढेच सांगत असते की, ‘मी तयार आहे, परंतु मला कोणी काही पाठविलेले नाही.’ जे बोलते आहे त्यास आपण मुके ठरवू नये.

पडद्यावर चित्रे दाखविण्याची विद्या महाराष्ट्रास नवी नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे, मागे दिवा आणि पुढे भिंग, अशी ती रचना होती. चित्र अंधुक पडले तर दिवा, काच आणि भिंग ही तीनच ठिकाणे तपासावयाची असत. आज दिव्याच्या जागी प्रोजेक्टर आला, काचेच्या जागी संगणक आला आणि दोहोंमध्ये केबल आली. ठिकाणे वाढली, परंतु तपासण्याची रीत तीच राहिली. ती रीत म्हणजे, जेथून चित्र निघते तेथपासून जेथे ते पडते तेथपर्यंतची साखळी एकेक कडी करून पाहणे.

ही साखळी सहा कड्यांची आहे. पहिली कडी विजेची. यंत्रावरील छोटा दिवा लागलेला आहे काय, हे प्रथम पाहावे. लॅपटॉप व प्रोजेक्टर ह्यांना वीज शक्यतो एकाच बोर्डावरून द्यावी. वेगवेगळ्या ठिकाणची वीज घेतल्यास आणि भूमिजोडणी सदोष असल्यास चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. दुसरी कडी खाचेच्या निवडीची. तिची गोष्ट मी आताच सांगितली. रिमोट हरवला तरी बहुतेक यंत्रांच्या अंगावर हे बटण असतेच. तिसरी कडी केबलची. व्हीजीएच्या जुन्या जोडणीस पंधरा बारीक टाचण्या असतात. त्यांतील एखादी वाकली तर चित्राचा एखादा रंग नाहीसा होतो आणि सारे चित्र पिवळे वा जांभळे दिसते. एचडीएमआयची साधी केबल फार लांब घेतल्यास चित्र लुकलुकते अथवा मधूनच काळे होते. आपल्या वर्गखोलीस पाच मीटरची चांगली केबल बहुधा पुरते. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. व्हीजीएतून केवळ चित्र जाते, आवाज जात नाही; एचडीएमआयतून दोन्ही जातात. म्हणून व्हीजीएने जोडलेल्या यंत्रातून आवाज आला नाही तर तो दोष मानू नये. ध्वनीची वेगळी तार जोडावी.

चौथी कडी संगणकास द्यावयाच्या आज्ञेची. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर विंडोजचे चिन्ह असलेली कळ व ‘पी’ ही कळ एकत्र दाबली असता चार पर्याय दिसतात. पहिल्याने चित्र केवळ लॅपटॉपवर राहते. दुसऱ्याने ते दोन्ही पडद्यांवर सारखेच दिसते. तिसऱ्याने दोन पडदे मिळून एकच लांब पडदा होतो. चौथ्याने चित्र केवळ दुसऱ्या पडद्यावर जाते. पहिला पर्याय निवडलेला असेल तर प्रोजेक्टर ‘नो सिग्नल’ म्हणणारच. चौथा निवडला गेला तर लॅपटॉप काळा पडतो आणि शिक्षक घाबरतो की लॅपटॉपच बिघडला. तेव्हा तीच जोडी पुन्हा दाबावी, एवढाच त्यावर उपाय आहे.

पाचवी कडी मापाची. येथे मला छापखान्याचा दाखला द्यावासा वाटतो. फर्मा मोठा व कागद लहान असेल तर कडेची अक्षरे कापली जातात. पडद्याचेही तसेच आहे. चित्र असंख्य ठिपक्यांचे बनते. पुष्कळ लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे 1366 व उभे 768 ठिपके असतात; जुन्या प्रोजेक्टरमध्ये आडवे 1024 व उभे 768 असतात, तर काहींत 1280 व 800. केबल जोडताच पडदा आपले माप संगणकास कळवितो. ही 128 अक्षरांएवढी लहानशी चिठ्ठी असते आणि ती त्याच केबलमधील वेगळ्या तारेवरून जाते. ती तार तुटलेली असली, अथवा मध्ये हलक्या प्रतीचा जोड असला, तर चिठ्ठी पोहोचत नाही आणि संगणक अंदाजाने काहीतरी माप पाठवितो. ते माप पडद्याच्या आवाक्याबाहेरचे असल्यास ‘आउट ऑफ रेंज’ असे शब्द येतात. अशा वेळी संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन माप 1024 व 768 करावे आणि चित्र सेकंदास 60 वेळा ताजे होईल अशी निवड करावी. बहुतेक सर्व यंत्रे हे माप स्वीकारतात. तेथून मग हळूहळू यंत्राच्या मूळ मापापर्यंत यावे.

आपणांस वाटेल की, चित्र दिसते ना, मग माप थोडे चुकले तर काय बिघडले? आपल्या कामात ते निश्चित बिघडते. रुंद माप अरुंद पडद्यावर ताणून बसविले म्हणजे वर्तुळ लंबवर्तुळ होते, चौरस आयत होतो आणि नकाशातील महाराष्ट्र उभा लांबट दिसतो. तिसरीच्या मुलाने वर्तुळ प्रथमच पाहावे आणि ते अंड्यासारखे असावे, ही चूक फळ्यावर आपण एक दिवसही चालू देणार नाही. म्हणून धड्यापूर्वी पडद्यावर एक वर्तुळ दाखवावे आणि भिंतीवर त्याची रुंदी व उंची टेपने मोजावी. दोन्ही मापे सारखी आली म्हणजे यंत्र ठीक बसले असे समजावे. उलटपक्षी, चौरसाची वरची बाजू मोठी व खालची लहान दिसली, तर माप बरोबर असून यंत्र तिरपे ठेवलेले आहे. त्यास मेजावर सरळ ठेवावे.

सहावी कडी संगणकातील चित्रे काढणाऱ्या भागाची. त्यास चालविणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. संगणक नव्याने तयार करून आणल्यावर दुसरा पडदा मुळीच ओळखला जात नसेल, तर हा ड्रायव्हर बसविला गेला नसण्याचा संभव फार असतो. इतर वेळी चित्र अकस्मात गोठले, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व ‘बी’ ह्या चार कळा एकत्र दाबल्याने हा भाग पुन्हा सुरू होतो आणि उघडलेला धडा जेथल्या तेथे राहतो. मेजावरील मोठ्या संगणकात चित्रांचे वेगळे कार्ड बसविलेले असते तेव्हा मागील बाजूस दोन ठिकाणी खाचा दिसतात. केबल कार्डाच्याच खाचेत लावावी.

आता एकाहून अधिक पडद्यांविषयी. दोन खोल्यांत एकच चित्र दाखवावयाचे असल्यास स्प्लिटर नावाची पेटी वापरतात. ती एका चित्राची दोन सारखी चित्रे करते. दोन वेगळी चित्रे करीत नाही. दोन पडदे दोन मापांचे असतील तर धाकट्याच्या मापाने दोघांनाही चालावे लागते. एकत्र कुटुंबात लहानाच्या पावलाने सर्वांनी चालावे तसे हे आहे. संगणकावरच माप कमी करावे म्हणजे दोन्हीकडे चित्र स्थिर होते. लॅपटॉपला एचडीएमआय व प्रोजेक्टरला व्हीजीए अशी स्थिती असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. परंतु तो एकाच दिशेने चालतो. एचडीएमआयचे व्हीजीए करणारा उलटा लावून चालत नाही. खरेदी करताना दुकानदारास दोन्ही यंत्रांची नावे व खाचा लिहूनच द्याव्यात.

बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या शिक्षकाने वर सांगितलेला तिसरा पर्याय अवश्य शिकून घ्यावा. त्यात भिंतीवर पहिली-दुसरीसाठी चित्र राहते आणि लॅपटॉपवर शिक्षकास आपली टिपणे, अथवा तिसरी-चौथीच्या गटासाठी दुसरा स्वाध्याय उघडता येतो. एका खोलीत चार इयत्ता सांभाळणाऱ्यास हे फार मोठे साहाय्य आहे. ह्या पर्यायात टिपणे भिंतीवर आणि चित्र लॅपटॉपवर अशी अदलाबदल झाली, तर सेटिंगमध्ये पडद्यांचे क्रमांक पाहून मुख्य पडदा बदलावा.

ह्या सर्व तपासणीत एक पथ्य पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. घाईने केबल, खाच व माप ही तिन्ही एकदम बदलली, तर चित्र आले तरी ते कशाने आले हे कळत नाही आणि उद्या पुन्हा तोच गोंधळ होतो. संशय असलेल्या वस्तूच्या जागी शेजारच्या शाळेतील, चालू असल्याची खात्री असलेली वस्तू लावून पाहावी. काय केले आणि काय झाले, हे एका वहीत तारखेसह लिहावे. आपली बदली होईल. ती वही यंत्रासोबत शाळेत राहील.

22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत अनेक गावांनी आपल्या शाळेस अशी यंत्रे दिली. त्यांतील रुपया हा शेतमजुराच्या रोजंदारीतला आहे, हे आपण विसरू नये. म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, सहाही कड्या तपासल्यावाचून ‘नादुरुस्त’ हा शब्द जडवस्तू संग्रहाच्या नोंदवहीत लिहू नये. पडद्यावर जे दिसले तेच लिहावे: ‘निळा पडदा, नो सिग्नल’, ‘चित्र पिवळे’, ‘मधूनच काळे’. दुरुस्त करणाऱ्यास त्यातून मार्ग सापडतो. ‘नादुरुस्त’ ह्या शब्दातून काहीच सापडत नाही. आम्हां अधिकाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. मी आता शेरा लिहिण्यापूर्वी स्वतः ते बटण दाबून पाहतो.

शेवटी एवढेच सांगतो. मुले पडद्याकडे तोंड करून बसलेली असतात आणि यंत्र रुसते, तेव्हा पाच मिनिटांहून अधिक काळ त्यांना ताटकळत ठेवू नये. खडू उचलावा, फळ्याकडे वळावे आणि धडा पुढे न्यावा. साखळी शाळा सुटल्यावर तपासावी. पण ती त्याच दिवशी तपासावी. कपाटात ठेवलेले यंत्र आपोआप दुरुस्त होत नाही आणि मुले मात्र वर्षागणिक पुढच्या इयत्तेत जात राहतात.