फवारणी, भट्टी आणि केसपेपर

(स्वागताध्यक्षीय भाषण)

‘जालना सोने का पालना’ असे जुनी माणसे अजून म्हणतात. व्यापारावर मिळालेला हा लौकिक पुढे बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांनी राखला. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको ही बियाणे कंपनी उभी केली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळते, त्याची सळई होते आणि ती दूरदूरच्या घरांच्या स्लॅबमध्ये जाते. शिवारात कापूस, मोसंबी, द्राक्षे. शहराला लागून भट्ट्या. रसायनांचा आरोग्यावर काय परिणाम होतो हे शिकायचे आणि शिकवायचे, तर त्यासाठी जालन्याइतके नेमके ठिकाण नाही. स्वागत समिती हे काळजीपोटी सांगत आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशी कमरेच्या वर गेली की फवारणीचा जोर वाढतो आणि त्याच दिवसांत दवाखान्यात ठरावीक तक्रारी येऊ लागतात. मळमळ, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, हाताला मुंग्या. सलाईन लागते, उलटीची गोळी मिळते, माणूस घरी जातो. केसपेपरवर नाव, वय, गाव असते. आदल्या दिवशी सकाळपासून पाठीवर पंप होता, ही नोंद नसते. शेतकरी आपणहून सांगत नाही, कारण फवारणी हे त्याच्या लेखी रोजचे काम. आणि डॉक्टर विचारत नाहीत, कारण बाहेर पन्नास माणसे बसलेली असतात. शेतकऱ्याची बायको हौदातून पाणी आणून देते, कधी द्रावण कालवते, संध्याकाळी तेच भिजलेले कपडे हाताने धुते. दुसऱ्या दिवशी त्याच वावरात बायका खुरपायला बसतात. त्यांच्यापैकी कोणी डोकेदुखीची तक्रार घेऊन आली, तर तिचा फवारणीशी संबंध असेल अशी शंकासुद्धा कोणाला येत नाही.

2017 साली यवतमाळने याची भयंकर किंमत मोजली. त्या हंगामात कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, हवा कोंदट होती, बॅटरीवर चालणारे जोरदार पंप आले होते आणि दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवून मारली जात होती. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पावसाळाभर रुग्ण येत राहिले. राज्यभर गवगवा झाला तो ऑक्टोबर उजाडल्यावर. पुढे विशेष तपास पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदीही आली.

डॉक्टरांच्या दृष्टीने त्या घटनेतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट उपचाराची आहे. मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. त्यांनी शरीरातले कोलिनेस्टरेज हे विकर निकामी होते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, छातीत स्राव भरतो. त्यावर अॅट्रोपिन आहे, पॅम आहे. पण त्याच पंपात डायफेन्थियुरॉन असेल तर त्याला नेमका उतारा नाही. म्हणजे रुग्णासोबत रिकामा डबा आला की नाही, यावर पुढचा अर्धा तास ठरतो. डब्यावरच्या चौकोनातला लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग विषारीपणाची पातळी सांगतो. सोबतच्या माहितीपत्रकात उताराही छापलेला असतो. हे चार रंग कृषी सेवा केंद्रातल्या विक्रेत्याला पाठ असतात. ते दवाखान्यातल्या प्रत्येक परिचारिकेला पाठ व्हायला हवेत, इतकी साधी ही अपेक्षा आहे.

वैद्यकीय शिक्षणात विष हा विषय नाही असे नाही. पण तो न्यायवैद्यकशास्त्रात येतो, त्यामुळे विष म्हटले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे पोलीस पंचनामा आणि व्हिसेरा येतो. जिवंत माणसाच्या अंगात हळूहळू मुरणारे विष त्या धड्यात मागे पडते. कीटकनाशक कायदा 1968 चा आहे. त्याच्या कलम 26 नुसार राज्य सरकारला विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे ठरावीक व्यक्तींना बंधनकारक करता येते. कायद्यात ही तरतूद पन्नास वर्षांहून अधिक काळ आहे. तिचा उपयोग किती झाला, याचे उत्तर या सभागृहातल्या प्रत्येकाने आपापल्या अनुभवातून द्यावे.

आता भट्टीकडे. भंगारात जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आला आणि तो तापला की पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेलेल्या कामगाराला काही तासांनी, बहुधा घरी गेल्यावर, थंडी वाजून ताप भरतो. तोंडाला धातूची चव, अंगदुखी, खोकला. एक-दोन दिवसांत सगळे आपोआप उतरते. कामावर रोज जात राहिले की शरीर सरावते आणि सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी ताप पुन्हा येतो. म्हणूनच जगभर त्याला ‘मंडे फीवर’ असेही म्हणतात. मलेरियाच्या दिवसांत असा रुग्ण आला तर त्याला मलेरियाची गोळी आणि प्रतिजैविक मिळण्याचीच शक्यता जास्त. ताप उतरतो, औषध लागू पडले असे वाटते, आणि तो माणूस त्याच धुरात परत जातो. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, तेव्हाच सांगून ठेवले होते की रुग्णाला इतर प्रश्नांसोबत त्याचा धंदाही विचारावा. तीन शतके उलटली तरी हा प्रश्न ओपीडीत अजून रुजलेला नाही.

शिशाचा प्रकार याहून मुका आहे. शिसे असलेली धूळ कामगाराच्या कपड्यांवरून घरी येते आणि घरात रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात जाते. पोटदुखी, चिडचिड, रक्त कमी, अभ्यासात मागे. मुलाला लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, जंताचे औषध दिले जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी 2020 साली मांडलेल्या हिशेबानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात डेसीलीटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. भंगारावर पोट असलेल्या गावाने हा आकडा लांबचा मानू नये.

अशा वेळी जालन्याला आपल्याच मातीतल्या एका डॉक्टराची आठवण करून देणे स्वागत समितीला अगत्याचे वाटते. हिम्मतराव बावस्कर हे भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते 1976 साली रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाने माणसे मरत होती. ते रुग्णांच्या उशाशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाची नोंद करत गेले. त्या नोंदींतून प्राझोसिनचा उपचार पुढे आला आणि सुमारे 40 टक्क्यांवरचे मृत्यूचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. ‘लॅन्सेट’ने त्यांचे काम छापले, 2022 साली पद्मश्री मिळाली. हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी ठाऊक असते ते पुढचे काम. महाराष्ट्रातल्या एका छोट्या गावात मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण त्यांना एकामागून एक आढळले. ते औषध लिहून थांबले नाहीत, ते पिण्याच्या पाण्यापर्यंत गेले. त्या पाण्यात शिसे आणि कॅडमियम सापडले, आणि 2010 साली ‘क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी’ या नियतकालिकात त्यांनी ते मांडले. या कामाची सुरुवात अवाढव्य प्रयोगशाळेत झाली नाही. एकाच गावातून इतके रुग्ण का, या प्रश्नापासून झाली.

जालन्यातला रेशीम उत्पादक असे प्रश्न अचूक विचारतो. 2018 पासून इथे कोषांची बाजारपेठ आहे, तुतीची लागवड वाढली आहे. शेजारच्या वावरातून फवारा उडून तुतीच्या पानावर बसला की अळ्या रॅकवरच माना टाकतात. मग तो बांधावर उभा राहून विचारतो: काय मारलं, कधी मारलं, वारा कुठला होता? अळीसाठी ही चौकशी होते. माणूस खाटेवर असतो तेव्हाही हेच तीन प्रश्न कामाचे असतात.

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात जालनाही होते. आता एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातली कुटुंबे दत्तक दिली जातात आणि त्यांना पुनःपुन्हा भेटावे लागते. त्या भेटीत पंप घरात कुठे टांगला आहे, कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात काय भरून ठेवले आहे, हे पाहिले तर विषशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम ओसरीवरच होईल. कीटकनाशकांची जाण असलेली माणसे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात आहेत. ती आणि डॉक्टर एकाच वर्गात बसू लागणे हे जालन्यात सहज शक्य आहे.

स्वागत समितीने प्रत्येक प्रतिनिधीच्या पिशवीत केसपेपरचा एक नमुना ठेवला आहे. त्यात तीन ओळी वाढवल्या आहेत: गेल्या तीन दिवसांत काय काम केले, घरात फवारणी किंवा भट्टीचे काम कोण करते, आणि डबा किंवा लेबल सोबत आहे का. दुपारच्या सत्रात दोघादोघांनी, एकाने रुग्ण होऊन आणि एकाने डॉक्टर होऊन, तो भरून पाहायचा आहे. भरायला किती वेळ लागला, कोणती ओळ अडली, आशाताईंना कोणता शब्द बदलावासा वाटला, हे कागदाच्या मागे लिहून संध्याकाळच्या चहापूर्वी नोंदणी कक्षात द्यावे. सुधारलेला नमुना येत्या खरिपाआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी स्वागत समितीने घेतली आहे.