खरखर किती पुसायची?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षभरात आपल्या सोसायटीतल्या चार-पाच घरांच्या जुन्या रेकॉर्डी मी कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. प्रत्येकाची मागणी एकच, "काका, खरखर पूर्ण घालवा हं." आज एवढंच सांगायला उभा आहे, की ती पूर्ण घालवू नये.

खरखर एका प्रकारची नसते. धुळीची, ओरखड्यांची टक्-टक् वेगळी आणि सतत चालणारी 'स्स्स' वेगळी. धुळीवरचा उपाय कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. एलपी डिस्टिल्ड वॉटरने, मधलं लेबल न भिजवता, मऊ कापडाने पुसून घ्या. बालगंधर्वांच्या जमान्यातल्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. तिची खाच रुंद, म्हणून सुईही जाड टोकाची लागते.

मग ऑडॅसिटी. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातलं 'क्लिक रिमूव्हल' टक्-टक् शोधून काढतं, पण जोर वाढवला तर तबल्याच्या चाटीवरचा 'ना'सुद्धा त्याला ओरखडाच वाटतो. म्हणून मोठे ओरखडे मी झूम करून एकेक काढतो. रिटायर्ड माणसाला वेळेचा काय तोटा!

'स्स्स'साठी 'नॉइज रिडक्शन'. त्याला आधी नुसत्या खरखरीचा नमुना द्यावा लागतो, आणि आपल्या संगीतात फसगत होते ती इथेच. गायक सुरू करण्याआधी तानपुरा वाजत असतो. तो तुकडा नमुना म्हणून दिलात, की सॉफ्टवेअर बिचारं तानपुऱ्यालाच कचरा समजतं आणि सगळ्या गाण्यातून झाडून काढतं. नमुना घ्यायचा तो तानपुरा सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचेतला, दोन-तीन सेकंदांचा का होईना.

'रेसिड्यू' नावाचं एक बटण आहे. काढून काय टाकलं जातंय, तेवढंच ते ऐकवतं. त्यात गाणं ऐकू आलं, की हात आखडता घ्यायचा. मला सहा डेसिबल पुरतात.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आपल्याकडचा एक गठ्ठा भंगारात गेला. "फोनवर साफ केलेली गाणी आहेत ना!" ती बाहेरून करून आणलेली गाणी मी ऐकली. खरखर नाहीच. तानपुरा नाही, बुवांनी घेतलेला श्वासही नाही. स्वर पाण्याखालून आल्यासारखा. आणि पुन्हा उतरवायला मूळ रेकॉर्ड उरलेली नाही.

तेव्हा न पुसलेली वेव्ह फाइल कायम वेगळी ठेवा, काम कॉपीवर करा. रेकॉर्डी एकमेकींवर रचू नका, उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. ज्यांच्या माळ्यावर अजून असतील त्यांनी रविवारी दहानंतर माझ्याकडे आणाव्यात, चहा आहेच. लाखेच्या तबकड्या मात्र लिफ्टमधून जपून आणा. पडल्या की काचेसारख्या फुटतात.