इलेक्ट्रॉनची वाट
(नाशिक येथे शिक्षकांपुढे केलेले भाषण)



गोदावरी बेटाशी दुभंगते व पुढे पुन्हा एक होते; पाणी तेवढेच राहते. इलेक्ट्रॉन मात्र तरंगरूपही असतो. अतिसूक्ष्म जाळीत दोन वाटांनी आलेले त्याचे तरंग एकमेकांस बळ देतात किंवा पुसून टाकतात. वेढ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलले की हा मेळ बदलतो, विद्युत्प्रवाह कमीअधिक होतो.

सिएरपिन्स्की यांनी १९१५ साली वर्णिलेल्या त्रिकोणजाळीत लहानमोठे असंख्य वेढे असतात. प्रत्येकाचा ताल निराळा. तिची मिती ना एक, ना दोन, सुमारे १.५८.

अपूर्णांकी मितीच्या जाळ्यांवर १९७७ मध्ये शोधनिबंध लिहिणारे दीपक धर पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यरत राहिले. २०२२ साली बोल्ट्झमन पदक मिळविणारे ते पहिले भारतीय.

हा त्रिकोण काढण्यास खडू पुरतो. तो आपल्या फळ्यावर अवश्य उमटावा.